हुकूम, सल्ला आणि मोकळीक : कारखान्यातील नेतृत्वशैली कशा ओळखाव्यात आणि कशा वापराव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात, अभियंता म्हणून, तुम्हाला नुकतेच पाळीप्रमुखाचे पद मिळाले आहे. मालक लहानमोठी प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवतात आणि तुम्हीही कामगारांशी कडक वागावे अशी त्यांची अपेक्षा आहे. कामगार मात्र खात्यातल्या जुन्या जॉबरचे, म्हणजे लूम (माग) दुरुस्त ठेवणाऱ्या कारागिराचे, ऐकतात, आणि तो तर कोणावर आवाजही चढवत नाही. तुम्ही पूर्ण केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात सर्वांना विचारून चालणारे लोकशाही नेतृत्व सर्वोत्तम असल्याचे शिकवले आहे. या तिघांपैकी कोणाचे खरे मानावे आणि स्वतःची शैली कशी ठरवावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरातील कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत आधी उत्पादन विभागात आणि नंतर मनुष्यबळ विभागात बराच काळ काम केले आहे, आणि आता पर्यवेक्षकांना प्रशिक्षण देतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की शैली माणसाला जोडण्याऐवजी निर्णयाला जोडावी. ‘मी कडक अधिकारी’ किंवा ‘मी सर्वांना सांभाळून घेणारा अधिकारी’ अशी स्वतःची ओळख एकदा ठरवली की प्रत्येक प्रसंगी माणूस तीच ओळख सिद्ध करू पाहतो आणि समोरच्या कामाची गरज बाजूला राहते. एकाच पाळीत एका निर्णयासाठी हुकूम योग्य ठरतो, दुसऱ्यासाठी सल्लामसलत, आणि तिसरा निर्णय ज्याला काम कळते त्याच्यावर निर्धास्तपणे सोपवावा लागतो. कोणत्या वेळी काय, हे ओळखण्याचे कौशल्य शिकता येते. मात्र त्यासाठी या शैलींविषयी आजवर झालेला अभ्यास आणि आपल्या भागातील कारखान्यांची घडण, या दोन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

तुमच्या अभ्यासक्रमातील तीन शैलींची विभागणी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून आली आहे. अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे दिली गेली. काही गटांचा प्रमुख सर्व काही स्वतः ठरवून हुकूम सोडत असे, काहींचा प्रमुख मुलांशी चर्चा करून काम वाटत असे, तर काहींचा प्रमुख त्यांना पूर्ण मोकळे सोडून बाजूला बसत असे. शिकवताना यातून ‘लोकशाही चांगली, हुकूमशाही वाईट’ एवढाच निष्कर्ष सांगितला जातो. पर्यवेक्षकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे निरीक्षण वेगळेच आहे. हुकूम देणारा प्रमुख खोलीत असेपर्यंत त्याच्या गटाचे काम जोरात चालत असे आणि तो बाहेर गेला की ते झपाट्याने घसरत असे. चर्चा करणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नसे. हुकमाखालच्या काही गटांतील मुले आपला राग प्रमुखावर न काढता गटातल्याच एखाद्या दुबळ्या मुलावर काढत असत, हीदेखील त्या अभ्यासातील महत्त्वाची नोंद आहे.

ही दोन्ही निरीक्षणे तुम्ही तुमच्या कारखान्याला लावून पाहा. मालक दिवसपाळीत फेरी मारतात तेव्हा सगळे लूम चालू दिसतात, म्हणून त्यांची पद्धत यशस्वी आहे असे म्हणता येणार नाही. रात्रपाळीत, कोणीही वरिष्ठ हजर नसताना, तार तुटल्यावर लूम किती वेळ बंद राहतो, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) संपत आल्याचे कोणी आधी कळवतो की नाही, आणि सकाळी चेकिंगला आलेल्या मालात दोष किती निघतात, यावरून शैलीची खरी परीक्षा होते. त्याचप्रमाणे एखाद्या खात्यात नव्या पोराला किंवा परगावाहून आलेल्या कामगाराला सगळे मिळून छळत असतील, तर त्या कामगारांचे स्वभाव तपासण्याआधी त्यांच्यावर वरून किती दाब येतो आहे हे तपासावे. मी जिथे जिथे असे प्रकार पाहिले, तिथे बहुतेक वेळा वरचा पर्यवेक्षक सतत ओरडणारा होता.

अशी हुकमाची पद्धत आपल्याकडे इतकी खोल का रुजली, याचे उत्तर गिरण्यांच्या इतिहासात सापडते. सोलापुरातील ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर हे शहर कापडाभोवतीच वाढले. त्या काळातील मुंबई आणि सोलापूरच्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर उभा असे. कामगार तोच आणत असे, तोच काम शिकवत असे, रजा आणि बदली त्याच्या शब्दावर ठरत असे आणि कामावरून काढणेही बऱ्याच अंशी त्याच्याच हाती असे. या व्यवस्थेत लाचखोरी आणि जुलूम फार होता; म्हणूनच 1931 मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने भरतीचा आणि कामावरून काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. तरीही हाच जॉबर गावाकडून आलेल्या माणसाला खोली मिळवून देत असे, अडीनडीला पैसे देत असे, त्याच्या घरच्या लग्नकार्याला उभा राहत असे. त्यामुळे कामगाराच्या मनात अधिकार आणि आधार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाशी जोडल्या गेल्या. आज जॉबरचे काम प्रामुख्याने लूम दुरुस्त ठेवण्याचे आणि खाते चालते ठेवण्याचे उरले आहे, तरी ती अपेक्षा टिकून आहे. तुमच्या खात्यातील कामगार जुन्या जॉबरचे का ऐकतात, हे यावरून लक्षात येईल.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 मध्ये मांडलेले एक्स आणि वाय हे दोन सिद्धांत इथे उपयोगी पडतात. माणसाला मुळात काम नको असते, म्हणून त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते, हे गृहीत पहिल्यात आहे. योग्य परिस्थिती मिळाली तर माणूस आपण होऊन जबाबदारी घेतो, हे दुसऱ्यात. मॅकग्रेगर यांचे खरे म्हणणे असे होते की व्यवस्थापकाचे गृहीतच हळूहळू वस्तुस्थिती बनते. ज्याच्यावर कधीच विश्वास टाकला जात नाही, तो कामगार सांगितले तेवढेच करू लागतो, आणि मग मालक म्हणतात, बघा, सांगितल्याशिवाय हे काही करतच नाहीत. तुमच्या मालकांचे मत अनुभवातून बनलेले असेल यात शंका नाही. पण त्या अनुभवाला त्यांच्याच पद्धतीने आकार दिलेला असू शकतो.

तरीही अभ्यासक्रमातील लोकशाही शैली उद्यापासून जशीच्या तशी लागू करा, असे मी सांगणार नाही. पाश्चात्त्य सिद्धांत आपल्या मातीत लावताना काय अडते, याचा सर्वांत नेमका विचार पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जयबल्लभ प्रसाद सिन्हा यांनी केला, असे मला वाटते. 1980 मध्ये त्यांनी भारतीय संस्थांसाठी जी शैली मांडली, तिचे सार ‘पोषण करणारा पण कामाला पक्का नेता’ असे सांगता येईल. आपल्याकडील कनिष्ठ माणसाला वरिष्ठाशी व्यक्तिगत नाते हवे असते, वडीलकीचा आधार हवा असतो आणि दर्जाची उतरंड त्याला फारशी खटकत नाही, असे सिन्हा यांचे निरीक्षण होते. अशा माणसापुढे पहिल्याच दिवशी ‘तुम्हीच ठरवा’ असे म्हटले तर त्याला साहेब कच्चा आहे असे वाटते. म्हणून नेत्याने माया जरूर दाखवावी, परंतु ती कामाशी बांधलेली असावी. आणि माणूस कामात तयार होत जाईल तसतसा आपला हात काढून घेत त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे. सिन्हा यांनी ही शैली कायमचा मुक्काम म्हणून मांडलेली नाही, सहभागाकडे नेणारी वाट म्हणून मांडली आहे, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण विसरतात.

सोलापुरात या शैलीचा पूर्वार्ध आपोआप घडतो. इथे वरिष्ठाला अण्णा म्हटले जाते, शिलाई खात्यातल्या वयस्कर बाईला अक्का किंवा मावशी म्हणतात, कामगाराच्या मुलीच्या लग्नाला मालक स्वतः जातात, आणि अडचणीत उचल देणे हा व्यवहाराचा भाग मानला जातो. यात मोठे सामर्थ्य आहे. धोका आहे तो उत्तरार्ध विसरण्यात. माया कामापासून सुटली की तिची कृपा होते, आणि कृपा कोणावर आहे हे खात्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. जो मालकांच्या घरच्या कार्याला राबतो त्याला चांगला लूम, ज्याची उचल फार झाली आहे त्याला बोलायची सोय नाही, ज्याचा कोणी वशिला नाही त्याच्या वाट्याला सतत तुटणाऱ्या धाग्याचा बीम, असे चित्र मी एकापेक्षा अधिक कारखान्यांत पाहिले आहे. पीस-रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणाऱ्या माणसाला खराब बीम देणे म्हणजे त्याच्या मजुरीला हात घालणे होय. म्हणून पाळीप्रमुख झाल्यावर एकच गोष्ट प्रथम करायची असेल तर लूम आणि बीम वाटण्याचा क्रम सर्वांना दिसेल असा लिहून लावा आणि तो स्वतः पाळा. शैलीविषयीच्या कोणत्याही भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

माणूस तयार होत जाईल तसा हात काढून घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 पासून विकसित केलेल्या परिस्थितीनुरूप नेतृत्वाच्या मांडणीत चांगले उलगडले आहे. नवख्याला काय आणि कसे करायचे ते स्पष्ट सांगावे; थोडे येऊ लागलेल्याला सांगण्याबरोबर कारणही समजावून द्यावे; काम येते पण धीर होत नाही अशाला सोबत घेऊन निर्णय करू द्यावा; आणि ज्याला काम येते व जबाबदारी घेण्याची तयारीही आहे, त्याच्यावर ते सोपवून बाजूला व्हावे. यातली तयारी माणसाची सरसकट नसते, त्या त्या कामापुरती असते, हे मात्र नीट ध्यानात घ्या. तुमच्या कारखान्यातील वार्पर वीस वर्षे बीम भरत असेल आणि त्याला ताण्याविषयी काही शिकवणे हा त्याचा अपमान ठरेल. पण त्यालाच उद्या संगणकावर उत्पादनाची नोंद करायला सांगितले तर त्या कामात तो पूर्ण नवखा आहे आणि त्याला सावकाश, एकेक पायरी, इतरांसमोर लाज न वाटेल अशा रीतीने शिकवावे लागेल. उलट पॉलिटेक्निकमधून आलेला मुलगा नोंद झटपट करील, पण लूमच्या आवाजात झालेला बदल त्याला ऐकू येणार नाही. एकाच दिवशी एकाच माणसाशी दोन वेगळ्या शैलींनी वागणे यात विसंगती नाही, फक्त त्यामागचे कारण त्याला कळलेले असावे.

आता निर्णयांकडे येतो. व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन यांनी 1973 मध्ये, कोणता निर्णय एकट्याने घ्यावा आणि कोणता सर्वांना विचारून, याची रीतसर पद्धत मांडली. ती बरीच तपशीलवार आहे. खात्यात उभे राहून वापरण्यासाठी मी तिचे तीन प्रश्नांत रूपांतर करून शिकवतो. या निर्णयासाठी लागणारी माहिती माझ्याकडे आहे की त्यांच्याकडे? त्यांनी मनापासून साथ दिली नाही तर निर्णय अंमलात येईल का? आणि विचारत बसण्याइतका वेळ आहे का?

सुरक्षेच्या बाबतीत माहिती ठरलेली असते आणि वेळ नसतो. चालू यंत्राच्या फिरत्या भागात हात घालायचा नाही, बॉयलरजवळ परवानगीशिवाय जायचे नाही, बाहेर पडण्याच्या वाटेवर मालाचे गठ्ठे रचायचे नाहीत आणि ते दार कुलूपबंद ठेवायचे नाही. कापूस आणि सूत भरलेल्या जागेत हे नियम मालकांनाही लागू आहेत. इथे चर्चा नाही, अपवाद नाही, आणि तुमच्या आवाजात संकोचही असता कामा नये. गाडी भरण्याच्या आदल्या रात्री डाईंगच्या एका लॉटची छटा नमुन्याशी जुळत नाही असे आढळले, तर वेळ थोडा असतो. पण कारण शोधण्याचे ज्ञान रंगाच्या टाकीशी उभ्या असलेल्या माणसाकडे असते. त्याला दटावले की तो सांगण्याऐवजी लपवू लागतो. त्याच्याशी पाच मिनिटे शांतपणे बोलावे आणि मग माल थांबवायचा की नाही हा निर्णय तुम्ही स्वतः घेऊन त्याची जबाबदारीही घ्यावी. जानेवारीतील गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या काळात रजा कोणाला द्यायच्या हा प्रश्न मात्र पूर्ण वेगळा आहे. कोणाकडे पाहुणे येणार, कोणाचा मान आहे, कोणाला नंतरची सुट्टी चालेल, ही माहिती फक्त त्यांच्याकडे असते, साथ त्यांचीच लागते आणि वेळ भरपूर असतो, कारण यात्रा अचानक येत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच ‘दर पाळीत किमान इतके लूम चालले पाहिजेत’ एवढी मर्यादा सांगून रजेचे वाटप त्यांच्यावर सोपवा. मी हे जिथे करवून घेतले तिथे ऐनवेळच्या गैरहजेरीची तक्रार बरीच कमी झाली, कारण वाटप आपसांत ठरलेले होते आणि ते मोडणारा साहेबाचा नव्हे तर सोबत्याचा शब्द मोडत होता.

सोपवण्याचा हा विचार परदेशी आहे, आपल्या कामगारांना तो झेपणार नाही, असा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्याला उत्तर म्हणून 1953 मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झालेला प्रयोग सांगतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे केनेथ राइस तिथे आले तेव्हा स्वयंचलित मागांच्या खात्यात काम अनेक तुकड्यांत वाटलेले होते. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले धागे जोडणारा वेगळा, आणि संपूर्ण लूमची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. यंत्रे आधुनिक असूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे निघत नव्हते. काही लूम मिळून एका छोट्या गटाकडे पूर्णपणे सोपवावेत, ही कल्पना पुढे आल्यावर कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनीच गट कसे करायचे ते ठरवले. सुरुवातीच्या अडचणी ओलांडल्यावर उत्पादन वाढले आणि खराब मालाचे प्रमाण घटले. हे कामगार आपल्यासारख्याच गिरणीगावातले होते. शिवाय 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांची संयुक्त वर्क्स कमिटी नेमण्याचा आदेश सरकार देऊ शकेल, अशी तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती. सहभागाची कल्पना आपल्याकडे नवी नाही, तिचा वापर मात्र कमी झाला.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत मला ज्या शैलीची सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळीच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी 2000 मध्ये सहा शैली मांडल्या : हुकूम देणारी, दिशा दाखवणारी, माणसे जोडणारी, सर्वांना विचारणारी, स्वतः वेग ठरवणारी आणि घडवणारी. यांपैकी हुकूम देणारी आणि वेग ठरवणारी या दोन शैलींचा कामाच्या वातावरणावर एकंदरीत वाईट परिणाम होतो, असे त्यांना आढळले. हुकमाचे समजते, पण वेग ठरवणारा म्हणजे स्वतः उत्तम काम करणारा, उदाहरण घालून देणारा माणूस, मग तो घातक कसा? नव्याने बढती मिळालेले पर्यवेक्षक नेमके इथेच अडकतात. लूम बंद पडला की ते स्वतः धावतात, जॉबरच्या हातातला पाना घेतात, कामगाराला बाजूला सारून दहा मिनिटांचे काम चार मिनिटांत करून दाखवतात आणि आपण आदर्श घालून दिला असे समजतात. कामगाराला त्यातून एवढेच कळते की साहेबाला आपले काम पसंत नाही आणि थांबलो तर तो स्वतः करील. वडाच्या दाट सावलीत दुसरे रोप वाढत नाही, तसे अशा पर्यवेक्षकाच्या खात्यात कोणी तयार होत नाही. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला हा मोह होणारच. हात मागे बांधून उभे राहण्याची आणि ‘काय वाटते, कुठे अडले असेल?’ असे विचारण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्या.

नेतृत्व आणि व्यवस्थापन यांतील फरकावर फार लिहिले जाते. लोकांना दिशा आणि विश्वास देणे हे नेतृत्व, काम ठरल्याप्रमाणे होईल अशी व्यवस्था लावणे हे व्यवस्थापन, एवढा भेद तुम्हाला पुरे. मात्र आपल्याकडे पहिल्याचे कौतुक होते आणि दुसरे दुर्लक्षित राहते, म्हणून एका भारतीय अभ्यासाचा उल्लेख करतो. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळील तारापूर आणि उंबरगाव भागातील कापड कारखान्यांत काही निवडक कारखान्यांना सल्लागार पुरवून साध्या पद्धती लावून दिल्या : दोषांची रोज नोंद घेणे, यंत्रांची ठरावीक वेळी देखभाल करणे, सुटे भाग आणि सूत यांची नीट मांडणी करणे, रोजच्या आकड्यांवर छोटी बैठक घेणे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे 17 टक्क्यांनी वाढली. चांगला स्वभाव अव्यवस्थेची भरपाई करू शकत नाही. ज्या खात्यात सुटा भाग शोधायला अर्धा तास जातो, तिथे सर्वांत प्रेमळ पर्यवेक्षकालाही शेवटी ओरडावेच लागते.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष तुमच्या मालकांविषयी बरेच काही सांगतो. हे कारखाने कुटुंबांच्या मालकीचे होते, आणि कारखाना किती मोठा होऊ शकतो हे बऱ्याच अंशी त्या कुटुंबात कर्ते पुरुष किती यावर ठरत होते, कारण घराबाहेरच्या व्यवस्थापकाकडे निर्णय सोपवायला मालक तयार नव्हते. व्यवस्थित नोंदी मिळू लागल्यावर मात्र मालकांनी खालच्या व्यवस्थापकांना अधिक अधिकार दिले. सोलापुरातील बहुतेक टॉवेल आणि चादरीचे कारखानेही घरचेच आहेत. मालकांनी घर गहाण टाकून लूम घेतलेले असतात, सुताचे भाव त्यांच्या हातात नसतात आणि फसवणुकीचा अनुभवही गाठीला असतो. त्यांची सर्व काही स्वतः ठरवण्याची शैली ही भीतीतून आलेली असते, तिला निव्वळ अहंकार समजू नका. म्हणून त्यांच्याशी शैलीवर वाद घालण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या हाती एक कागद द्या : किती लूम चालले, किती वेळ बंद राहिले, कशामुळे, दोष किती निघाले, उद्या काय करणार आहोत. त्यात वाईट बातमी आधी लिहा. सलग काही आठवडे कागद खरा निघाला की ते प्रश्न कमी विचारू लागतील, आणि मग एखादा निर्णय, समजा कोणत्या लूमवर कोणता माल घ्यायचा हा, पंधरा दिवसांसाठी तुमच्याकडे मागा. वरून अधिकार मिळवण्याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सल्लामसलतीविषयी सोलापूरची एक खास अडचण सांगितली पाहिजे. आपल्या खात्यांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी काम करतात. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत विणकामाचे ज्ञान पिढ्यांचे आहे, पण ते बोलून दाखवण्याची भाषा अनेकांची तेलुगू आहे. तुम्ही सर्वांना एकत्र उभे करून पुस्तकी मराठीत ‘आपल्या काही सूचना?’ असे विचारले आणि कोणी बोलले नाही, तर यांना काही सांगायचे नाही असा अर्थ काढू नका. शिलाई, चेकिंग आणि पॅकिंगमधल्या स्त्रिया पुरुषांच्या घोळक्यात सहसा तोंड उघडत नाहीत, आणि त्यांना नेमके ते दोष माहीत असतात जे विणणाऱ्यांना कधी दिसत नाहीत. त्यांच्या टेबलापाशी जा, तीन-चार जणींशी बोला, हातात खराब टॉवेल घेऊन विचारा, आणि जे कळेल ते कोणाचेही नाव न घेता पुढे पोहोचवा. एखादी सूचना अमलात आणलीत तर ती कोणामुळे सुचली हे, तिची हरकत नसेल तर, जरूर सांगा. आणणार नसाल तर कारण सांगा. विचारून मग काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी कोणी बोलत नाही.

मोकळे सोडण्याच्या शैलीबद्दल थोडेच सांगतो. कसबी माणसाला मोकळीक देणे आणि कटकट नको म्हणून लक्ष न घालणे या गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. मोकळीक देणाऱ्याला काम कुठवर आले हे ठाऊक असते आणि अडचण आली तर तो सापडतो. तुम्ही यांपैकी काय करता आहात, हे तुमच्या माणसांना चांगले कळते.

शेवटी जुन्या जॉबरविषयी, कारण तुमच्या प्रश्नातील खरी बोच तिथे आहे असे मला वाटते. त्याच्या शब्दाला असलेले वजन ही तुमच्या अधिकाराची वजाबाकी नाही. पहिल्या आठवड्यातच त्याला वेगळे भेटा, वयाचा मान ठेवून बोला, आणि कोणते निर्णय त्याचे व कोणते तुमचे हे त्याच्याशी बोलून ठरवा. लूमची दुरुस्ती, नव्या माणसाला कोणाच्या हाताखाली द्यायचे, कोणता लूम कधी थांबवायचा, हे त्याचे असू द्या आणि त्यात कामगारांसमोर कधीही हात घालू नका. हजेरी, लूम आणि बीम वाटपाचा क्रम, सुरक्षा आणि मालकांना द्यायचा कागद हे तुमचे. वाटपाचा क्रम आजवर त्याच्या हाती असेल तर तो काढून घेताना खरा ताण येईल. म्हणून तो कागद त्याच्याबरोबर बसून तयार करा, कोणता लूम कसा चालतो हे त्याच्याकडून लिहून घ्या आणि तो दोघांच्या सहीने लावा. मालक खात्यात आल्यावर ते थेट कामगारांना सूचना देतील, तेव्हाही तुमचे वागणे नेहमीचेच राहू द्या. मालक असताना कडक आणि ते गेल्यावर सैल, असे दोन दिवस जरी घडले तरी कामगार तुमच्या शब्दावर विश्वास ठेवेनासे होतात. मालकांनी दिलेली सूचना ठरलेल्या क्रमाशी जुळत नसेल तर ती खात्यात मोडून काढू नका. संध्याकाळी कागद देताना एकांतात सांगा, आणि दुसऱ्या दिवशी जो निर्णय होईल तो पाळीच्या सुरुवातीला जॉबरला शेजारी उभे करून सर्वांना सांगा.